आधी कण्याला विचारा
विजेची गाडी घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांसाठी रत्नागिरीच्या रस्त्यांवरून एक फेरी

वाचकहो, डॉक्टराने रक्तदाबाविषयी लिहावे, मधुमेहाविषयी लिहावे; मोटारगाडीविषयी लिहिण्याचे त्याला कारण काय, असा प्रश्न आपल्याला पडणे स्वाभाविक आहे. कारण आमच्या भूगोलात आहे. रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाचे आयुष्य उतार-चढावावर चालते. बाजार खाली खाडीकाठी, घर वर सड्यावर, बाग तिसऱ्याच डोंगराच्या कुशीत आणि मोठी शस्त्रक्रिया करायची वेळ आली की अनेकांची वाट घाट चढून कोल्हापूर-मिरजेकडे जाते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो, तोही बहुतांश चार महिन्यांत. अशा पावसात डांबर टिकवणे कठीण, आणि डांबर गेले की उरतो तो खड्डा. त्या खड्ड्याचा दणका गाडीच्या चाकापासून निघून अखेर कोणाच्या तरी मणक्यापर्यंत पोहोचतो, आणि मग ते माझ्या विषयाच्या कक्षेत येते.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे विजेच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. तपासणी संपली की चष्मा पुसत रुग्ण विचारतात, "डॉक्टर, विजेची गाडी घ्यावी म्हणतो. कशी वाटते?" एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते, बॅटरी किती वर्षे टिकते, किंमत किती, हे त्यांना पाठ असते. आईला मागच्या आसनावर बसवून साखरप्यापर्यंत नेऊन पाहिले का, असे मी विचारतो तेव्हा बहुधा उत्तर येत नाही.

दणका शरीरात कुठे जातो

प्रथम थोडे शरीरशास्त्र. बसलेल्या माणसाचे धड ही एक प्रकारची स्प्रिंगच असते. प्रत्येक स्प्रिंगला तिची स्वतःची लय असते. बाहेरचा हादरा त्याच लयीत आला की झोका वाढत जातो. वरखाली होणाऱ्या हादऱ्यांपैकी सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा येणारे हादरे बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त जाणवतात. शरीराला पोहोचणाऱ्या कंपनांचे मोजमाप कसे करावे यासाठी आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्यातही वरखाली कंपनांमध्ये या पट्ट्याला मोठे वजन दिलेले आहे.

आता हे रस्त्यावर मांडून पाहू. समजा, उखडलेल्या रस्त्यावर दर दोन मीटरला एक उंचवटा आहे आणि आपण ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चाललो आहोत. सेकंदाला पाच हादरे बसतील, म्हणजे नेमके कण्याच्या नाजूक लयीत. वेग निम्मा केला की हादरे अडीचवर येतात. सावकाश चालवण्याचा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह हा केवळ भित्रेपणा नसतो.

दुसरी लय याहून फार संथ असते. पाच-सहा सेकंदांत एकदा असा मंद झोका मळमळ निर्माण करण्यात सर्वांत पुढे असतो. होडीत जे होते तेच घाटात होते. कानातील तोलाचे इंद्रिय सांगते की आपण हलत आहोत, आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत. मेंदूला हा विसंवाद सहन होत नाही, आणि पिशवी शोधावी लागते.

गाडीची पारख याच दोन लयींमधली आहे. सस्पेन्शन फार कडक असेल तर कणा तक्रार करतो. फार मऊ असेल तर पोट. चांगले सस्पेन्शन दणका आत येऊ देत नाही, आणि दणक्यानंतर गाडीला डोलतही ठेवत नाही. स्प्रिंग दणका झेलते. शॉक ॲब्सॉर्बर तिचे डोलणे थांबवतो. दोघांचे जमले पाहिजे.

विजेच्या गाडीचे निराळेपण

पेट्रोल गाडीहून विजेची गाडी जड असते, कारण बॅटरी जड असते. हे वजन पेलण्यासाठी स्प्रिंगा अधिक ताठ ठेवाव्या लागतात, आणि चार्जमागे जास्त अंतर मिळावे म्हणून टायरमध्येही बहुधा हवा अधिक असते. त्यामुळे संथ वेगात लहान खड्डे अधिक टोचू शकतात. उलट बाजूने, बॅटरी तळाशी असल्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो आणि वळणावर ती कमी कलते. घाटात हा मोठा गुण आहे. इंजिनाची थरथरही नसते.

तिसरी गोष्ट विक्रेता क्वचित सांगतो. मूळ पेट्रोलसाठी घडवलेल्या गाडीत नंतर बॅटरी बसवली असेल तर काही वेळा मागची फरशी वर येते, पण आसनाची उंची तीच राहते. परिणामी गुडघे वर येतात, मांड्यांना आधार मिळत नाही आणि कंबर मागे गोल होते. वाकलेल्या कंबरेतील चकतीवर आधीच जास्त भार असतो. त्यात दणका बसला तर दुखणे ठरलेले. म्हणून मागच्या आसनावर बसून मांडी आणि गादी यांमध्ये हात घालून पाहावा. हात गुडघ्यापासून थेट खोलवर गेला तर लांबच्या प्रवासासाठी ते आसन नाही.

चौथी गोष्ट चालकाच्या पायात आहे. विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटर उलट काम करते, वीज बॅटरीत परत जाते आणि गाडी मंदावते. ही सोय उत्तम. पण तिची तीव्रता जास्त ठेवून पाय सारखा दाबला-उचलला तर मागे बसलेल्यांची मान सतत पुढेमागे होते. इंजिनाचा आवाज नसल्याने गाडी कधी वेग घेणार, कधी मंदावणार याची चाहूलही त्यांना लागत नाही. एरवी गाडी न लागणारी मुलेसुद्धा विजेच्या गाडीत कोमेजतात, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते.

आता चला फेरीला

विक्रेत्याची चाचणी-फेरी बहुधा गुळगुळीत रस्त्यावर, चालक आणि विक्रेता अशा दोघांत उरकते. ती नवरा-नवरीच्या चहापोह्यांच्या भेटीसारखी. खरा स्वभाव कळत नाही. त्याऐवजी घरची सगळी माणसे बसवून पुढील तीन टप्पे करावेत. पुरेसा वेळ मागितला तर गाडी मिळते; दहा-वीस लाखांच्या खरेदीत एवढे मागणे अवाजवी नाही.

पहिला टप्पा, मारुती मंदिरापासून पावसपर्यंत. शहरातील गतिरोधक ओलांडून आपण भाट्याच्या पुलावर येतो. आंबा घाटाच्या बाजूने आलेली काजळी नदी येथे समुद्राला मिळते. उजवीकडे समुद्र आहे, पण या वेळी लक्ष पुलाच्या सांध्यांकडे द्यावे. प्रत्येक सांध्यावर एकच दबका 'ठप्' ऐकू आला तर उत्तम. 'ठक्-ठक्' असा दुहेरी धातूचा आवाज आला किंवा सांधा ओलांडल्यावरही गाडी थरथरत राहिली, तर नोंद करावी. पुढे सुरूचे बन, झरी विनायक, नारळ संशोधन केंद्र मागे टाकून रस्ता सड्यावर चढतो. गोळपचा जांभ्या दगडाचा सडा उन्हाळ्यात तांबडा-काळा, श्रावणात हिरवा, आणि त्यानंतर रानफुलांनी भरलेला. या उघड्या सरळ रस्त्यावर ताशी ५० ते ६० वेगात गाडी स्थिर राहते की डोलत राहते, हे मागच्या माणसाने सांगायचे. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरापाशी थांबून घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला खाली उतरू द्यावे आणि पुन्हा बसू द्यावे. उतरताना दाराच्या चौकटीला डोके लागते का? बसताना गुडघ्यावर जोर द्यावा लागतो का? आसनाची उंची गुडघ्याच्या उंचीजवळ असेल तर संधिवात असलेल्या माणसाला ते सोपे जाते. हा तपास कागदावरच्या कोणत्याही आकड्यात मिळत नाही.

दुसरा टप्पा, हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि आंबा घाट. हीच आमची कोल्हापूरची वाट. हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग लागला की कामे, वळणवाटा, गावोगावचे गतिरोधक सुरू होतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. गावात मात्र एखाद्या अपघातानंतर रातोरात घातलेला उंच, अरुंद वरवंटा भेटतो. गाडी भरलेली असताना अशा वरवंट्यावर तिचा तळ घासतो का, मागचे सस्पेन्शन खालपर्यंत दबून आदळते का, हे पाहावे. रिकाम्या गाडीत हे कधीच कळणार नाही.

घाट लागला की चढणीवर विजेच्या गाडीचा खरा आनंद आहे. गिअरची धडपड नाही, इंजिनाचा हुंकार नाही, खिडकी उघडली तर दरीतला पाण्याचा आवाज ऐकू येतो. मागच्या माणसांना येथे मळमळ होते का, हे विचारावे. उतरताना पुनर्जननाची पातळी वाढवावी, म्हणजे ब्रेक तापत नाहीत आणि वीजही परत मिळते. दीड टनाची गाडी ५०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातील काही भाग बॅटरीत जमा होतो. मात्र घाटमाथ्यावरच बॅटरी काठोकाठ भरली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागा नसते, हे ध्यानात असू द्यावे.

तिसरा टप्पा आनंदाचा. शिरगाव, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे. डावीकडे अरबी समुद्र, आणि रस्ता लाटेसारखाच वर चढतो, वळतो, खाली येतो. येथे मंद झोक्याची परीक्षा होते. मुलांना मोबाइल न देता समोर क्षितिजाकडे पाहायला सांगावे. तरीही दोन मुले हिरमुसली तर गाडी फार मऊ आहे किंवा चालकाचा पाय जड आहे. चालक बदलून पाहिले की कोणते ते कळते. परतताना जाकादेवी-निवळी मार्गे यावे. म्हणजे समुद्राकाठ, सडा, घाट आणि महामार्ग असे रत्नागिरीचे चारही स्वभाव गाडीला भेटले.

दणका थट्टेचा नसतो

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. माझ्याकडे सत्तरी ओलांडलेल्या एका आजी आल्या होत्या. लग्नाहून परतताना त्या मागच्या आसनावर, चाकाच्या अगदी वर बसल्या होत्या. संध्याकाळचा पाऊस, न दिसलेला गतिरोधक, आणि क्षणभर त्या आसनावरून उचलल्या गेल्या. खाली आल्या त्या वेदनेसह. एक्स-रेमध्ये कंबरेचा पहिला मणका पाचरीसारखा दबलेला दिसला. रजोनिवृत्तीनंतर ठिसूळ होत गेलेल्या हाडांना तेवढे निमित्त पुरले. बस किंवा मोटारीत मागे बसलेल्या प्रवाशांचे गतिरोधकावर मणके दबल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात अनेक देशांतून आलेल्या आहेत. आजी बऱ्या झाल्या, पण तीन महिने अंगणातली तुळसही त्यांना खिडकीतूनच पाहावी लागली.

गतिरोधकाचा एक उपयोगही येथे सांगतो. इंग्लंडमधील डॉक्टरांनी २०१२ साली बीएमजे या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. गतिरोधकांवरून प्रवास करून रुग्णालयात आलेल्या आणि अपेंडिक्सला सूज असल्याचे निश्चित झालेल्या ३४ रुग्णांपैकी ३३ जणांनी गतिरोधकावर पोटदुखी वाढल्याचे सांगितले होते. तेव्हा पोट दुखणाऱ्या माणसाला घेऊन येताना "खड्ड्यात जास्त दुखलं का?" हा प्रश्न विचारून ठेवा, डॉक्टराला उत्तराचा उपयोग होतो. दणके न वाढल्याने दुखणे नाही, असा उलटा निष्कर्ष मात्र घरी काढू नये.

पैशाची बाजू

आता खर्च. आपल्याकडील आटोपशीर किमतीच्या बहुतेक विजेच्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम अशी रचना असते. टॉर्शन बीममध्ये मागची दोन्ही चाके एका आडव्या तुळईने जोडलेली असतात, त्यामुळे एका चाकाचा दणका काही अंशी दुसऱ्यालाही कळतो. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई किंवा टाटाच्या हॅरियर ईव्हीसारख्या गाड्यांत मागची चाके स्वतंत्र असतात, पण त्यांची किंमत वीस लाखांच्या पुढे जाते. महाग रचना म्हणजे आपोआप सुख, असे नाही. नीट जुळवलेला साधा टॉर्शन बीम वाईट जुळवलेल्या स्वतंत्र रचनेहून सुखद ठरू शकतो. म्हणूनच माहितीपत्रकाऐवजी फेरीवर विश्वास ठेवावा.

एक गंमत पाहा. एकाच गाडीच्या वरच्या प्रकारात बहुधा मोठी, देखणी चाके मिळतात. टायरवर २१५/६० आर १६ असे लिहिलेले असेल तर टायर २१५ मिलिमीटर रुंद आहे आणि त्याच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर, रबराची भिंत आहे. २१५/५० आर १८ असेल तर ही भिंत १०७.५ मिलिमीटर उरते. दणका सर्वांत आधी झेलणारी हवेची उशी दोन सेंटिमीटरहून अधिक पातळ झाली. म्हणजे जास्त पैसे देऊन आपण कण्याचे संरक्षण कमी करून घेतो! वर उल्लेखिलेल्या आजींच्या घरी नंतर विजेची गाडी घ्यायचे ठरले. नातवाला मोठ्या चाकांचा प्रकार हवा होता, मुलाला खर्च आटपायचा होता. दोन्ही प्रकारांत आजींना बसवून फेरी झाली, आणि आजींनी एका वाक्यात निकाल दिला: "धाकट्या चाकांची घ्या, तिच्यात मला चहा पिता येईल." पैसेही वाचले.

किंमत आणि चालवण्याचा खर्च यांचा हिशेब आपला आपण मांडावा. उदाहरणार्थ, पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडी १५ किलोमीटर चालते असे धरले तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. घरची वीज युनिटला १२ रुपये आणि गाडी युनिटमागे ६ किलोमीटर चालते असे धरले तर २ रुपये. फरक ५ रुपयांचा. महिन्याला १००० किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला ६० हजार वाचतात. गाडी ३ लाखांनी महाग असेल तर पाच वर्षांत फरक भरून निघतो. पण महिन्याला ४०० किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी साडेबारा वर्षे लागतील. रस्त्यावरील जलद चार्जरची वीज घरच्यापेक्षा बरीच महाग असते, तेही धरावे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर ही गाडी बॅटरी भाड्याने देण्याच्या योजनेत ९.९९ लाख रुपयांना आली, तेव्हा बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये होते. वरच्या हिशेबात हे भाडे मिळवले तर फरक ५ रुपयांवरून दीड रुपयावर येतो. विजेच्या गाड्यांवर जीएसटी ५ टक्के आहे. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने किमतीतील दरी पूर्वीसारखी राहिलेली नाही. जुना हिशेब नव्याने करावा.

या हिशेबात एक ओळ सहसा लिहिली जात नाही. घरात कंबरदुखी असेल, हाडे ठिसूळ असतील, कोणी गरोदर असेल किंवा महिन्यातून दोनदा कोल्हापूरची उपचारवारी असेल, तर सुखद सस्पेन्शनसाठी जास्त दिलेले पन्नास हजार हा औषधखर्चाचाच भाग समजावा. सगळे धडधाकट असतील आणि गाडी बाजारापुरतीच असेल, तर तेच पैसे घरच्या चार्जिंगच्या भक्कम वायरिंगवर आणि अर्थिंगवर खर्च करावेत.

गाडी कोणतीही असो, एवढे पाळा

वृद्ध व्यक्तीला पुढच्या आसनावर बसवावे. मागेच बसायचे असल्यास पाठ टेकवून, पट्टा लावून. पट्टा मागेही हवाच, कारण उसळलेल्या माणसाला आसनाशी तोच धरून ठेवतो. गरोदर स्त्रीने पट्ट्याचा खालचा भाग पोटाखालून, ओटीपोटाच्या हाडावरून घ्यावा.

टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासावी आणि दाराच्या चौकटीवरील पत्रकाप्रमाणेच ठेवावी. सुखासाठी कमी किंवा जास्त अंतरासाठी अधिक, असे प्रयोग नकोत.

दर तासाभराने थांबून पाच मिनिटे चालावे. पालीला चहा, साखरप्याला पाय मोकळे, हा जुना प्रघात वैद्यकशास्त्राला धरूनच आहे.

खाऱ्या वाऱ्याने आणि तांबड्या चिखलाने तळाचे भाग गंजतात. पावसाळा संपला की गाडी खालून धुऊन सस्पेन्शनचे रबरी बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर तपासून घ्यावेत. तेलाचे ओघळ दिसले तर टाळाटाळ करू नये.

दणक्यानंतर पाठीच्या मध्यात किंवा कंबरेत तीव्र वेदना आली आणि ती दोन दिवसांत उतरली नाही, विशेषतः साठीपुढील व्यक्तीत, तर मालीश न करता तपासणी करून घ्यावी. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली वा तिच्यावर ताबा राहिला नाही, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

रत्नागिरीचे रस्ते उद्या सुधारतील, अशी आशा प्रत्येक पावसाळ्याच्या शेवटी आपण करतोच. तोवर गाडी घेण्यापूर्वी घरातील ज्याची पाठ सर्वांत दुखरी आहे त्याला तिच्यात बसवून आंबा घाटापर्यंत नेऊन आणा, आणि परत आल्यावर त्याचे मत सर्वांत शेवटी नव्हे, सर्वांत आधी विचारा.